कुशाबाच्या कोड्याचं उत्तर

"आमच्या कुशाबाच्या कोड्याला उत्तर देणारा गडी अजून आईच्या पोटात बी आला न्हाई," आकारामनं चहाची बशी तोंडाला लावता लावता जाहीर केलं. "दीडशे वर्सं झाली. आन उत्तर म्हाईत असणारा ह्या पृथ्वीवर येकच इसम हाय. त्यो हितं बसलाय, तुमच्या म्होरं, च्या पितोय."

ह्यातलं चहा पितोय एवढंच खरं होतं.

पाडळखोरी हे शिराळ्याच्या बाजूचं, डोंगराच्या काखेत दडलेलं गाव. एसटी गावात येत नाही, फाट्यावर थांबते, आणि कंडक्टर घाईत असला तर थांबतही नाही. पण साताऱ्यापासून सांगलीपर्यंत आपलं गाव ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, असं आकारामचं पक्कं मत होतं. कारण शाहीर कुशाबा ह्या गावचा. पेशवाई बुडायच्या बेताला आली होती त्या काळातला हा माणूस, आकारामचा खापरपणजा.

त्या वेळी शाहिरांत दोन तट होते. तुरेवाले म्हणायचे शिव थोर, कलगीवाले म्हणायचे शक्ती थोर. देव बिचारे नवराबायको, त्यांचं आपसात काही भांडण नव्हतं. पण शाहिरांनी ते घरोघर पोचवलं होतं. एकानं डफावर थाप मारून गाण्यात कोडं घालायचं, दुसऱ्यानं ते सोडवायचं. सोडवता आलं नाही तर आपला डफ समोरच्याच्या पायाशी ठेवून खाली मान घालून घरी जायचं. आणि सोडवलं तर कोडं घालणाऱ्यानं आपला डफ द्यायचा. डफ गेलेल्या शाहिराला पुढं गावातले भजनी लोक टाळसुद्धा हातात देत नसत.

तर साताऱ्यात अशाच एका सभेत कुशाबानं वाईकडच्या एका कलगीवाल्याला कोडं घातलं:

*बाप रानात उभा, आई चरते माळाला,*
*दोघं मेल्यावरी लेक आला जन्माला.*
*इस्तवानं न्हातो, पाण्याचं भ्या त्याला,*
*मार खाईल तवर मान मिळतो धन्याला.*
*सांग गड्या कलगीच्या, ओळख ह्या बाळाला,*
*न्हाईतर ठेव डफ तुऱ्याच्या पायाला!*

कलगीवाल्यानं डोकं खाजवलं, पागोटं काढून पुन्हा खाजवलं, आणि "उत्तर घिऊन येतो, मुदत द्या" म्हणून जो घोड्यावर बसला तो अजून यायचा होता.

पाडळखोरीची सगळी प्रतिष्ठा ह्या न आलेल्या घोड्यावर उभी होती. कुशाबाचा तुरा बांधलेला तो डफ आकारामच्या घरी खुंटीला टांगलेला होता. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. आणि उत्तर? उत्तर बापानं मरताना लेकाच्या कानात सांगायचं, दुसऱ्या कुणाला नाही, अशी घराण्याची रीत होती.

रीत चांगली होती, पण आकारामच्या बापाची वाचा दोन दिवस आधीच गेली. शेवटच्या घटकेला म्हाताऱ्यानं लेकाला खुणेनं जवळ बोलावलं. आकाराम कान घेऊन वाकला. कानात नुसता वारा आला. मग म्हाताऱ्यानं थरथरता हात उचलून भिंतीवरल्या डफाकडं बोट केलं. पुन्हा केलं. आकारामचे डोळे भरून आले. "मरताना बी जीव डफात हाय बगा!" म्हणत त्यानं डफ खाली काढून बापाच्या उशाशी ठेवला. म्हाताऱ्यानं डफाकडं बघितलं, लेकाकडं बघितलं, समाधानानं मान हलवली आणि प्राण सोडला.

"डफ संभाळ म्हणला," आकाराम रडत रडत सगळ्यांना सांगत होता. उत्तर मात्र म्हाताऱ्याबरोबरच गेलं, हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. वीस एक वर्षं झाली, त्यानं डफ जिवापाड सांभाळला, आणि उत्तर माहीत असल्याचा चेहराही.

आता सगळा घोटाळा असा झाला, की ती बढाई मारली तेव्हा हॉटेलातल्या कोपऱ्यातल्या बाकावर प्राध्यापक बोडस बसले होते. सांगलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवणारा हा किरकोळ माणूस छत्री आणि पिशवी घेऊन पेशवाईअखेरच्या शाहिरांची कवनं गोळा करत गावोगाव हिंडत होता. त्यांचा विषय 'जुन्या शाहिरी कवितेतील अध्यात्म' असा होता, आणि अध्यात्म सापडेपर्यंत कवितेला सोडायचं नाही असा त्यांचा निर्धार होता.

"अहो, काय योग आहे पहा!" बोडस उठून उभे राहिले. "त्या कलगीवाल्या शाहिराचे वंशज मला मागच्याच महिन्यात वाईला भेटले. नाथाजी नाव. त्यांचा फड अजून चालू आहे. आमच्याकडं सांगलीत गणपतीनंतर जुन्या कवितेचा मेळावा आहे. दीडशे वर्षं राहिलेला तो सामना आपण तिथं पुरा करू! त्यांना उत्तर आलं तर आलं. नाही आलं, तर रीतीप्रमाणे तुम्ही सभेला उत्तर सांगायचं."

"आन कोडं घालणाऱ्यालाच सांगाया आलं न्हाई तर?" हॉटेलातल्या कुणीतरी उगीचच विचारलं.

"तर डफ त्याचा जायचा," बोडस हसत म्हणाले. "पण इथं तो प्रश्नच नाही. याल ना सांगलीला?"

आकारामनं बशी खाली ठेवली. शेतीची कामं, पायाची सूज, मेव्हण्याचं लग्न, अशी चांगली चांगली कारणं त्याच्या डोक्यात गोळा होत होती. पण त्याच्या शेजारी तात्याबा बसला होता. तात्याबा त्याचा झीलकरी. शाहिरानं ओळ म्हटली की मागं उभं राहून तुणतुणं वाजवत "जी जी रं जी" करायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्यामुळं कुणाचंही बोलणं वर चढून थांबलं, की त्याच्या तोंडातून आपोआप झील निघायची. लग्नात भटजींच्या मंगलाष्टकालासुद्धा एकदा निघाली होती.

बोडसांचं "याल ना सांगलीला?" असंच वर चढून थांबलं.

"जी जी रं जी, जी जी!" तात्याबा म्हणाला.

हॉटेलात टाळ्या पडल्या.

"तात्याबा, तुझ्या त्या जिभंला काय आग लागली हुती व्हय रं?" बाहेर आल्यावर आकारामनं त्याचं मानगूट धरलं.

"का? उत्तर म्हाईत हाय न्हवं तुमास्नी? मग भ्या कशाचं?"

ह्यावर आकारामनं मानगूट सोडलं. दुसरं काय करणार?

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. डफ गेला तर? कुशाबाचा डफ, दीडशे वर्षं घरात असलेला, आपल्या हातून वाईला गेला तर बाप वर तोंडात मारेल. आणि खाली गाव मारेल ते वेगळंच.

बायको धोंडुबाई हे सगळं बघत होती. एका दुपारी तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "आवं, काय हुतंय काय तुमाला? भाकरीकडं असं बघताय जणू तिनंच कोडं घातलंय."

"काय न्हाई."

"मग उत्तर तरी सांगा मला. म्या कुनाला सांगत न्हाई."

"बायकास्नी सांगायचं नसतं ते."

"का? बायकांचं कान निराळं असत्यात?"

"रीत हाय."

"रीत हाय म्हणं! उद्या तुमी सांगलीच्या रस्त्यात ट्रकखाली गावला, मग काय ट्रकवाल्याच्या कानात सांगणार हाय का?"

ट्रकचा विचार आकारामला त्यातल्या त्यात बरा वाटला.

मग त्यानं आपल्या परीनं उत्तर शोधायला घेतलं. कोडं भेदिक शाहिराचं, म्हणजे उत्तर पुराणात असणार, ह्यात त्याला शंका नव्हती. विस्तवानं न्हातो, म्हणजे प्रल्हाद! दोन दिवस तो प्रल्हादावर खूश होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की प्रल्हादाची आई माळावर चरत नव्हती. मग कर्ण. पण कर्णाला पाण्याचं भय असतं तर तो नदीतून वाहत आला कशाला? मग जरासंध, मग अग्निपुत्र म्हणून कुणीतरी, मग खुद्द मारुती. मारुतीनं मार खाल्ला असं म्हणणं बरं दिसेना म्हणून तोही सोडला.

कुणाला विचारायचं तर अब्रू जाणार. तरी एकदा शाळेच्या मास्तरांना त्यानं गाठलंच. "मास्तर, समजा, नुसतं समजा हां, येक शाहीर हाय. त्यानं कोडं घातलंय आन त्यालाच उत्तर येत न्हाई. तर काय म्हणावं?"

"मूर्ख म्हणावं," मास्तर म्हणाले.

"बरोबर, बरोबर," म्हणून आकाराम घरी आला.

शेवटी शेवटी तो डफ काखेत मारून माळावर जाऊन बसायला लागला. पलीकडं रानात मोठमोठी झाडं उभी होती. माळावर बाळासो धनगराच्या शेळ्या चरत होत्या. त्यातली एक तर अगदी पुढ्यात येऊन चरायची. आकाराम डफावर बोटं वाजवत त्या शेळीकडं बघत बसायचा आणि पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हणायचा, "आई चरते माळाला... कोण बरं चरत असंल माळाला?"

शेळी मान वर करून त्याच्याकडं बघायची. दोघांनाही काही सुचायचं नाही.

सांगलीला जायचा दिवस उजाडला तो भुरभुर पाऊस घेऊनच. आकाराम, धोंडुबाई, तात्याबा, तुणतुणं, आणि मेणकापडात गुंडाळलेला डफ अशी वरात फाट्यावर आली. नेमकी त्या दिवशी एसटी वेळेवर आली, थांबली, आणि जागाही मिळाली. आकारामला हे अपशकुन वाटले.

मेळाव्याचा हॉल कृष्णेच्या घाटाच्या अंगाला होता. आत खुर्च्या मांडलेल्या, पुढं शाली-नारळांचं ताट, भिंतीवर कापडी फलक. आकारामनं डफावर थाप मारून बघितली. ओल्या हवेनं कातडं असं सैल पडलं होतं, की ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज आला. डफ शेकल्याशिवाय बोलायचा नाही. पण हॉलमध्ये विस्तव कुठला? दारावरच्या माणसानं सिगारेट पेटवायची काडी दाखवली.

"तात्याबा, तू हितंच बस. म्या शेकून आलो," म्हणून आकाराम रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीत घुसला. कोळशाची मोठी भट्टी रसरसत होती. तिच्या एका अंगाला दुधाचं पातेलं, आणि दुसऱ्या अंगाला आधीच एक डफ शेकत धरलेला. त्याला कलगी बांधली होती. डफ धरणाऱ्याला भरघोस मिशा होत्या आणि डोक्याला केशरी फेटा.

हाच नाथाजी, हे आकारामनं ओळखलं. नाथाजीनं तुरा बघितला आणि त्यानंही ओळखलं. दोघांनी एकमेकांकडं वाघासारखं बघितलं. मग दोघंही मुकाट्यानं आपापला डफ गोल गोल फिरवत शेकायला लागले.

"आवं पावणं, ही च्याची भट्टी हाय का डफाची?" टपरीवाला ओरडला. "दूध उतू चाललंय, जरा सरका की!"

दोघं सरकले. जवळ जवळ आले. मग नाथाजी भट्टीकडंच बघत हळूच म्हणाला, "आकाराम, राग मानू नगा. येक इचारू? उत्तर... लय अवघड हाय का वं?"

"का?"

"न्हाई, तसं न्हाई. आमच्या खापरपणज्याला उत्तर गावलं हुतं. घोड्यावरनं परत साताऱ्याला निगाला, आन वाटंत इसारला. आमच्या घरात तरी असंच सांगत्यात."

"म्हंजे तुमाला म्हाईत न्हाई?"

"न्हाई ना गड्या!" नाथाजीच्या मिशा खाली आल्या. "चार दिस झालं, जेवान न्हाई. घरात येकच डफ हाय. आमचं कार्टं तर म्हणतंय, डफ गेला तर म्या कुपवाडला कारखान्यात लागतो, तेवढीच पीडा टळंल. तुमाला काय, तुमी निवांत. तुमास्नी उत्तर म्हाईत हाय."

आकारामनं इकडं तिकडं बघितलं. टपरीवाला कप विसळत होता. वीस वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा बाजूला सारावा तसा आकाराम वाकला आणि नाथाजीच्या कानात म्हणाला, "मला बी न्हाई."

नाथाजीचा डफ भट्टीत पडता पडता वाचला.

"आरं तिच्या!" तो म्हणाला. आणि मग दोघं इतकं हसले, की टपरीवाल्यानं न सांगता दोन चहा पुढं केले.

चहा पिता पिता तोड निघाली. अगदी साधी होती. उत्तर बरोबर की चूक हे ठरवायचा अधिकार कोडं घालणाऱ्याचा. नाथाजीनं काहीतरी चुकीचं उत्तर द्यायचं. आकारामनं चूक म्हणायचं. नाथाजीनं खापरपणज्यासारखी मुदत मागायची, आकारामनं मोठ्या मनानं द्यायची. दोघांचे डफ दोघांच्या घरी.

"काय उत्तर देऊ मग? चुकून बरोबर आलं तर पंचाईत," नाथाजी म्हणाला.

"प्रल्हाद म्हणा. त्यो नक्की न्हाई. म्या दोन दिस तपासलाय."

"प्रल्हाद. प्रल्हाद. ध्यानात ऱ्हायलं बगा. प्रल्हाद."

दोघं हातात हात घालूनच बाहेर पडले, आणि रस्त्यात आल्यावर आठवण होऊन पुन्हा वाघासारखं बघत लांब लांब चालायला लागले.

कित्येक दिवसांत पहिल्यांदा आकाराम निर्धास्त झाला. स्टेजवर तो ताठ बसला. पहिल्या रांगेत धोंडुबाई नऊवारीचा पदर सारखा करत बसली होती. मधल्या खुर्चीत अध्यक्ष होते, त्यांनी डोळे मिटले होते. आणि माईकपुढं प्राध्यापक बोडस उभे राहिले.

बोडस प्रस्तावना करणार आहेत, हा धोका दोघांच्याही लक्षात आला नव्हता.

"पेशवाईच्या अखेरच्या पर्वात," बोडस सुरू झाले, "जेव्हा तलवारी म्यान होत होत्या, तेव्हा मराठी कविता डफावर..." इथून ते साताऱ्याच्या दरबारात गेले, तिथून वेदान्तात. अर्ध्या तासानं ते कोड्यापाशी आले. "काही भोळे लोक म्हणतात, याचं उत्तर प्रल्हाद! विस्तवानं न्हातो ना, म्हणून प्रल्हाद! हॅ हॅ! असं उत्तर देणाऱ्यानं शाहिरीला हात न लावलेलाच बरा. प्रल्हादाची आई माळावर चरत होती काय?"

सभा हसली. नाथाजीचा रंग उतरला. त्यानं आकारामकडं बघितलं. आकारामनं घाईघाईनं डोळ्यांनीच 'कर्ण' म्हणायचा प्रयत्न केला, कानाला हात लावून कुंडलं दाखवली. नाथाजीला वाटलं, हा कानाला खडा लावतोय. तो आणखीनच घाबरला.

"माझ्या मते," बोडस सांगत होते, "बाप म्हणजे पुरुष, आई म्हणजे प्रकृती आणि बाळ म्हणजे अहंकार! पण आपण अधिकृत उत्तर ऐकू. शाहीर आकाराम, घाला कोडं!"

आकाराम उठला. डफ भट्टीवर शेकून असा तयार झाला होता, की पहिल्याच थापेला अध्यक्ष जागे झाले. तात्याबानं तुणतुणं छेडलं. आकारामनं कोडं म्हटलं, ओळीओळीला झील पडली, "ठेव डफ तुऱ्याच्या पायाला" ला तर सभेनं टाळ्यांचा गजर केला. कुशाबा असता तर पाठ थोपटली असती.

मग नाथाजी माईकपुढं आला. माईकनं शीळ घातली. नाथाजीनं तोंड उघडलं, मिटलं. प्रल्हाद गेला होता. दुसरं काही ठरलं नव्हतं. घामानं केशरी फेट्याचा रंग कपाळावर उतरला. समोर शेकडो तोंडं. त्यानं छताकडं बघितलं, अध्यक्षांकडं बघितलं, आणि मग जीव मुठीत धरावा तसा आपल्या हातातल्या डफाकडं बघितलं. हाच आता जायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

"डफ," तो म्हणाला.

सभेत खसखस पिकली. बोडसांनी कपाळाला हात लावला. चुकीचं उत्तर ह्याहून चांगलं मिळालं नसतं. आकारामनं सुटकेचा श्वास घेतला, पुढं झाला, 'चूक' म्हणायला तोंड उघडलं.

आणि तसंच राहिलं.

बाप रानात उभा. डफाचं कडं लाकडाचं. आई चरते माळाला. ती पुढ्यात येऊन बघणारी शेळी त्याच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. दोघं मेल्यावर लेक. विस्तवानं न्हातो, आत्ताच न्हाऊन आलाय, हाताला चटका बसतोय अजून. पाण्याचं भ्या, मेणकापडात गुंडाळून आणला. मार खाईल तवर... आणि मग भिंतीकडं बोट करणारा बाप. एकदा. पुन्हा एकदा. आणि ते समाधानानं मान हलवणं.

"आयला!" आकाराम गरजला. "आरं, डफच की रं! बरोबर! शंभर हिश्शानं बरोबर! आरं नाथाजी, गड्या, बाबानं सांगितलं हुतं मला! डफ!" त्यानं नाथाजीला कडकडून मिठी मारली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वीस वर्षांचं कोडं सुटलं होतं, आणि त्याच्याइतका आनंदी माणूस त्या घडीला सांगली जिल्ह्यात दुसरा नव्हता.

नाथाजी मात्र माईकपुढं उभा होता आणि माईक चालू होता.

"आवं आकाराम," त्याचा आवाज हॉलभर घुमला, "तुमी चूक म्हणणार हुता न्हवं? असं न्हवतं ठरलं आपलं भट्टीपाशी!"

"जी जी रं जी," तात्याबा म्हणाला.

मग जे व्हायचं ते झालं. मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. कुणी "लबाड हायत दोघं बी!" म्हणालं, कुणी "उत्तर बरोबर, डफ द्या!" म्हणालं. बोडस "हे उत्तर आपण तूर्त तात्पुरतं मानू, अहंकाराचा मुद्दा खुला ठेवू" असं सांगत होते, पण ते कुणी ऐकेना. अध्यक्ष पूर्ण जागे झाले होते आणि त्यांना आपण काहीतरी निर्णय दिला पाहिजे असं वाटत होतं. कोडं घालणाऱ्यानं भर सभेत उत्तर मान्य केलं आहे, तेव्हा रीत ती रीत, असं ते म्हणाले. पहिल्या रांगेत धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला.

आकारामचा आनंद उतरायला लागला तो तेव्हा. त्यानं डफाकडं बघितलं. तुरा सोडला, खिशात घातला. वाकून डफ नाथाजीच्या पायाशी ठेवला. पाय दोन पावलं मागं गेले.

"मला नगं," नाथाजी पुटपुटला.

"घ्या," आकाराम म्हणाला. "रीत हाय."

परतीची एसटी सांगली-सातारा. दोघांनाही तीच. आकाराम पेठ नाक्याला उतरणार, नाथाजी पार साताऱ्याहून वाईला. गाडी गच्च भरलेली. नाथाजीला पुढं, ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. स्वतःचा डफ त्यानं मांडीवर घेतला. जिंकलेला डफ कुठं ठेवायचा ते कळेना.

"ओ फेटेवाले, वाट आडवू नका. ते चाळण का काय ते, ठेवा पुढं बॉनेटवर," कंडक्टर म्हणाला. ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनाचं मोठं झाकण होतं. नाथाजीनं कुशाबाचा डफ त्यावर ठेवला.

आकाराम तीन रांगा मागं बसला होता. गाडीनं वेग घेतला. इंजिन गुरगुरत होतं. काही बोलू नये असं त्यानं ठरवलं होतं. डफ आता त्याचा नव्हता. पण नजर काही हटेना. आष्टा मागं पडलं तसं त्याला इथून दिसायला लागलं, की कातडं ताणलं जातंय. गाडीच्या हादऱ्यानं ते आपोआप बारीक बोलत होतं. आधीच भट्टीवर शेकलेलं, आता हे खालून.

"आवं, तापतोय त्यो," धोंडुबाई कुजबुजली. "सांगा की त्यास्नी."

"म्या कोण सांगणार?"

"खापरपणजा कुनाचा हाय?"

इस्लामपूर आलं, माणसं उतरली, दुप्पट चढली. शेवटी त्याला राहवेना. त्यानं उठून माणसांच्या डोक्यांवरून हाक मारली, "नाथाजी! आवं नाथाजी! डफ तापतोय, उचला!"

नाथाजी मागं वळला. इतक्या वेळानं आकाराम आपल्याशी बोलला, म्हणून त्याचा चेहरा फुलला.

"तापू द्या की!" तो ओरडला. "तापल्यावर लय झ्याक बोलतो!"

इस्लामपूरच्या पुढं थोड्याच अंतरावर मोठा आवाज झाला. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि सगळी चाकं हातानं चाचपून बघितली. चाकं चांगली होती.